बॅटरी मॅडमच्या कपाटात

माझ्या मणक्यातली एक गादी सरकलेली आहे. युनिफॉर्मखाली पट्टा असतो, आणि प्रताप नगरहून स्कूटीवर येताना प्रत्येक गतिरोधक कमरेत वाजतो. आमच्याच हॉस्पिटलातले हाडांचे डॉक्टर म्हणाले, "वजन उचलायचं नाही."

"आणि पेशंट?"

"ते तुमच्या मेट्रनना विचारा."

मेट्रन मॅडम म्हणाल्या, "उचलणं जमत नसेल तर तसं लिहून द्या." लिहून दिलं की मी अनफिट, म्हणजे नोकरी गेली. नर्सिंग मी पेशंटजवळ राहायला शिकले होते. मी लिहून दिलं नाही.

वॉर्डाच्या कोपऱ्यात पेशंट उचलायचं यंत्र उभं होतं. झोळीत माणूस बसवायचा, बटण दाबायचं, माणूस अलगद वर. एका ट्रस्टने दिलेलं. ते आलं त्या दिवशी नारळ फुटला, यंत्राला हार घातला, पेढे वाटले. मग त्यावर प्लास्टिक चढलं आणि बॅटरी मॅडमच्या कपाटात गेली. "खराब होईल. ट्रस्टची माणसं पाहायला येणार आहेत."

तोवर लकडगंजच्या एका व्यापारी काकांना आम्ही चादरीला धरून उचलत होतो. अर्धांगवायूने त्यांची डावी बाजू गेलेली, देह भरभक्कम. त्यांच्या पलंगावरून ते यंत्र छान दिसायचं. हारातली फुलं वाळून गळून गेली तरी पाहुण्यांचा पत्ता नव्हता.

शेवटी ते आले. शाली झाल्या. नर्स म्हणजे देवदूत, असं ट्रस्टचे अध्यक्ष बराच वेळ सांगत होते. देवदूतांना मणके नसतात, असा सगळ्यांचाच समज असावा. मग कपाटातून बॅटरी निघाली, प्रात्यक्षिक ठरलं. खरा पेशंट नको, पडला तर फोटोत येईल. म्हणून मॅडमनी मला पुढे केलं. "तुम्ही बसा. नाहीतरी तुम्ही कमरेच्याच पेशंट!" सगळे हसले.

रिमोट माझ्याच हातात दिला होता. मी वर गेले. कमरेवरचा भार सुटला, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा काही दुखेना. इतकं सोपं होतं हे. राग आला तो तिथे, अधांतरी.

"उतर वं आता," वॉर्डातल्या मावशी खालून म्हणाल्या, "चहा थंडा होऊन राहिला."

"नाही उतरत. बॅटरी वॉर्डात राहील, असं आधी सांगा."

"सिस्टर, खाली या," मॅडम दात आवळून म्हणाल्या. अध्यक्षांना मात्र हा कार्यक्रमाचाच भाग वाटला. "म्हणजे काय! वॉर्डातच राहणार. हो ना मॅडम?"

कॅमेरा चालू होता. मॅडम हसल्या. "हो सर."

दुपारी काकांना झोळीतून उचलून खुर्चीत बसवलं. मला वाकावंही लागलं नाही. काका जड जिभेने म्हणाले, "मंग इतके दिवस मले हातानं काहून उचलून राहिल्या होत्या, सिस्टर?"

"पाहुणे यायचे होते," मी म्हटलं. यंत्रावरचं प्लास्टिक फाडून कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि पायाने दाबलं.