मिस्त्रीचा कान

मिस्त्रीला ऐकू येईनासं होऊन तीन वर्षं झाली, पण ते ठाऊक होतं फक्त त्याच्या बायकोला. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला, मूठ कानाला, असा जन्मभर ज्याने गाड्यांची दुखणी ओळखली, तो बहिरा झाला म्हटल्यावर दुकानात कुत्रंही फिरकलं नसतं. गिऱ्हाइकाचं बोलणं तो ओठांवरून आणि मोठ्या आवाजावरून ताडी, पण इंजिनाला ओठ नसतात. म्हणून बायको डाळ निवडायचं ताट घेऊन दारात बसायची. मिस्त्रीचा कान इंजिनाकडे, डोळा हिच्याकडे. आवाज बरा असला की ही गालाला हात लावी, खडखड असली की नाक खाजवी. एकदा नाक खरंच खाजलं आणि एका धडधाकट गाडीचं पोट फाडलं गेलं. आठवडाभर दोघं हसत होती.

आता विकायला काढलं होतं ते त्यांच्याच फटफटीचं इंजिन. त्या गाडीवर ती पंचवीस वर्षं मागे बसली होती. बहिऱ्याने गाडी हाकू नये एवढी अक्कल मिस्त्रीला होती. सांगाडा भंगारात गेलाच होता. "इंजिन मात्र चालवणाऱ्याच्या हाती जाऊ दे," तो म्हणायचा. "फिरत राहिलं म्हणजे झालं."

गिऱ्हाईक आलं. त्याला मालाच्या तीनचाकीला इंजिन बसवायचं होतं. मिस्त्रीने ते लाकडी घोडीवर ठेवून किक मारली. पहिल्याच किकेला बोलू लागलं, तसंच जुनं, मऊ.  हिचा हात गालाकडे निघाला आणि नाकावर गेला. वाईट म्हटलं की गिऱ्हाईक जाईल, इंजिन कोपऱ्यात राहील. बाईचा विचार तेवढाच.

मिस्त्रीचा चेहरा उतरला. "दादा, खोटं नाही सांगत. आतून गेलंय. सुट्या भागांपुरतंच आहे."

"मग खोला की. लागेल तेवढं नेतो. अख्खं धूड काय उशाला घेऊ?"

हे तिला सुचलंच नव्हतं. बोलावं तर नवऱ्याचं बिंग फुटणार. ती ताटातले खडे पुन्हा डाळीत टाकत राहिली.

मिस्त्रीने सिलिंडरमध्ये बोट फिरवलं. एक चरा नाही. बेअरिंग हलवलं, घट्ट. बोटं काही बहिरी झाली नव्हती. पण आता चांगलं म्हणावं तर कानाची अब्रू जाते. तोही एकेक भाग काढत राहिला. गिऱ्हाईक हवं ते फडक्यात बांधून गेलं.

"नाक खाजलं होतं का गं?"

"हो," ती मोठ्याने म्हणाली, त्याला ऐकू जावं म्हणून.

"खाजतं कधी कधी," म्हणत त्याने घोडीवरचं तेल पुसलं. या वेळी कोणी हसलं नाही.