दोन जावई आणि शिलाई मशीन

ज्या दोघांना हे सांगायला हवं होतं, त्यांतली एक आता राहिली नाही. दुसऱ्यासमोर बसलो की मी हवापाण्याच्या गप्पा मारतो. त्यामुळे आजवर हे कुणाच्याच कानावर गेलेलं नाही. तुम्ही मला ओळखत नाही, ते एक बरं आहे. ओळखीच्या माणसाला सांगायला बसलो की दर वेळी ऐन जागी येऊन मी विषय बदलतो — आणि या माझ्या सवयीचा आता मलाच वीट आलाय.

तर, स्टीरिओ.

हसू नका. किंवा हसा, काय फरक पडतो? स्टीरिओ तो काय, आणि त्याचं एवढं काय घेऊन बसायचं? मीही स्वतःला हेच सांगत आलो.

धुळ्याला कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंग फॅक्टरीत मी मॅनेजर होतो. आवारातच बंगला मिळाला होता. उंच छताचा मोठा हॉल, आणि त्या हॉलमध्ये माझी सिस्टिम. माझा मेहुणा, म्हणजे सुमनचा भाऊ, कुवेतला होता. दर सुट्टीला तो एकेक वस्तू घेऊन यायचा. एकदा ॲम्प्लिफायर, एकदा रेकॉर्ड प्लेअर, आणि शेवटी ते दोन स्पीकर. कमरेएवढे उंच, सागवानी रंगाचे, आणि असे जड की एकेकाला उचलायला दोन हमाल लागायचे. सुमन — माझी बायको — त्यांना 'दोन जावई' म्हणायची. "रोज पुसा, ऊन लागू देऊ नका, पाय लागला तर नमस्कार करा," ती म्हणायची. "आणि बसलेत आपले फुगून!" पण पुसायची तीच. मऊ फडकं वेगळं ठेवलं होतं तिने त्यांच्यासाठी.

रविवारी सकाळी चार मित्र यायचे. त्यांतला प्रल्हादभाऊ कापसाचा दलाल, मूळचा सोनगीरकडचा, माझा सगळ्यांत जुना दोस्त. नानाच्या, म्हणजे माझ्या, घरी गाणं ऐकायला जाणं हे तेव्हा आमच्या धुळ्यात मानाचं समजत. नाना म्हणजे कान, असं लोक म्हणायचे. फॅक्टरीतही तेच. नुसता दारात उभा राहिलो तरी कुठल्या जिनचा रोलर झिजलाय ते मी सांगायचो. त्या खडखडाटात कामगार कानात कापसाचे बोळे घालायचे. मी कधी घातले नाहीत. साहेबानेच कान बंद केले तर मशीन ऐकायचं कुणी — असा माझा तोरा. चहूकडे कापसाचे ढीग, आणि त्यातला चिमूटभर कापूस मला जड झाला! या मूर्खपणाला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरली असतील. संतूरची एक रेकॉर्ड मला मिटक्या मारत ऐकायची सवय होती. ती एकदम गोधडीखाली ठेवल्यासारखी वाजायला लागली. मी सुई बदलली. वायरी बदलल्या. नाशिकहून मेकॅनिक बोलावला. त्याने सगळं उघडून पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, सेट एकदम ओके आहे." त्याला काही कळत नाही असं ठरवून मी त्याला परत पाठवला. मग आवाज वाढवायला लागलो. बंगला आवारातल्या बाकीच्या घरांपासून लांब होता, तेव्हा बोलणार कोण?

एका रविवारी रेकॉर्ड चालू असताना प्रल्हादभाऊने डोळे मिटले आणि बोट वर केलं. "नाना, ती मंजिरी ऐका... कशी बारीक चालू शे मागे!"

मला मंजिरीची किणकिण ऐकू येत नव्हती. थोडीही नाही. मी मान डोलावली आणि म्हणालो, "वा!"

इथे थांबलो असतो तरी चाललं असतं. न ऐकलेल्या मंजिरीला वा म्हणणारे जगात पुष्कळ असतील. ते लबाड असतात, दुष्ट नसतात. मी पुढे गेलो.

नव्वद सालाच्या आसपास निवृत्त झालो. बंगला सोडायचा होता. जळगावला आम्ही दोन खोल्यांचा फ्लॅट घेऊन ठेवला होता — एक बाहेरची खोली, एक आतली, आणि स्वयंपाकघर म्हणायचं म्हणून स्वयंपाकघर. भिंती अशा पातळ की शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या आपल्याच वाटायच्या. सगळे विचारायला लागले, नाना, आता सिस्टिमचं काय करणार? मी म्हणायचो, बघू.

माझ्या मनात काय होतं, ते ऐका. त्या खोलीत मित्र गुडघ्याला गुडघा लावून बसणार. आवाज लहान ठेवावा लागणार. लहान आवाजात मला काही ऐकू येणार नाही, आणि मोठा केला की कुणीतरी विचारणार, नाना, इतका मोठा कशाला? मग नानाच्या कानांचं काय झालंय हे पंधरा दिवसांत धुळ्यापासून भुसावळपर्यंत कळणार. म्हणून जागा लहान आहे ही मला सोन्यासारखी सबब मिळाली होती. जागेत मावत नाही — झालं, संपलं. कोण काय बोलणार?

सुमनने माझी ती सबबच काढून घेतली.

ती एकटी एस.टी.ने जळगावला जाऊन आली. शिवणकामाची टेप घेऊन गेली आणि त्या खोल्या मोजून आली. परत आली ती खुशीत. "बसतात तुमचे जावई," म्हणाली. "एक खिडकीशी, एक दाराच्या मागे. फक्त माझं मशीन आणि मोठं कपाट काढावं लागेल. जावई बसवायचे म्हणजे घरच्यांनी सरकायला नको का?"

ते मशीन म्हणजे तिचं शिलाई मशीन. लग्नात माहेरहून आणलेलं. आवारातल्या बायकांचे ब्लाउज, पोरींचे फ्रॉक, दिवाळीत तर तिला मान वर करायला सवड नसायची. बायका येऊन बसायच्या, बोलायच्या. माझी बैठक रविवारी असायची, तिची रोज दुपारी. हे मला तेव्हा दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं.

मी तेव्हाच सांगू शकत होतो की मला स्पीकर नकोत. कारण नसतं सांगितलं तरी चाललं असतं. मी गप्प बसलो. पहूरच्या तिच्या भाचीकडे मशीन द्यायचं ठरलं. टेम्पो आला. तिने मशीनला जुनं लुगडं गुंडाळलं, दोरी बांधली, ड्रायव्हरला तीनदा बजावलं की आडवं ठेवू नको रे बाबा. मी व्हरांड्यात उभा होतो. टेम्पो फाटकाबाहेर गेला. 

त्यानंतर आठवडाभरात मी सिस्टिम विकली. धुळ्यातल्याच एका मंगल कार्यालयाच्या मालकाला. त्याच्या माणसांनी स्पीकर उचलून नेले तेव्हा सुमन स्वयंपाकघरातून बाहेर आली. हात पिठाचे होते. रिकाम्या जागेकडे पाहत म्हणाली, "अहो, मग माझं मशीन?"

एवढंच विचारलं तिने. आणि मी तिच्यावर ओरडलो! मशीन, मशीन काय लावलंय, म्हणालो. इथे माणसाची सगळी हौस चालली, आणि तुला मशीनचं पडलंय. ती आत गेली. मी त्या रागात दोन दिवस जेवलो नाही. राग कशाचा, ते आजही सांगता येत नाही. तिने खोली मोजली याचा? ती खोली पुरली याचा?

जळगावला आम्ही एक टू-इन-वन आणला. चपलांच्या खोक्याएवढा. तो फ्रिजवर बसायचा आणि त्यातून कॅसेट अशी वाजायची की जणू गवई डब्यात अडकलाय. मला काय, सगळं सारखंच.

आता खरं सांगायचं ते. मित्रांनी विचारलं, नाना, एवढी सिस्टिम काढलीत कशी? जागेचं कारण चालेना, कारण प्रल्हादभाऊ फ्लॅट पाहून गेला होता आणि मोठ्याने म्हणाला होता, "अहो, मावले असते की आरामात!" आणि मी म्हणालो — अगदी सहज, सुपारी कातरता कातरता — "मावले असते. पण सुमनला आवाज सहन होईना. म्हणाली, घरात एक तर ते राहतील, नाही तर मी."

आधी काही ठरवलं नव्हतं. तोंडातून निघालं आणि इतकं बेमालूम बसलं की मीच चकित झालो. सगळ्यांना पटलं. बायकोने नवऱ्याची हौस मोडली, यात न पटण्यासारखं काय आहे?

आमच्या खानदेशात थंडी पडली की भरताच्या पार्ट्या होतात. त्या वर्षी प्रल्हादभाऊच्या सोनगीरच्या मळ्यात बोलावणं होतं. आम्ही जळगावहून हिरवी वांगी घेऊन गेलो. कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा जाळ केला होता, त्यात वांगी भाजत होती. सुमन बायकांमध्ये बसून फुंकर घालत गरम वांगी सोलत होती. तेवढ्यात प्रल्हादभाऊ तिच्यासमोर उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "वहिनी, नानाना बठ्ठा बाजा तुम्हीच वांगासंगे भाजी टाका ना?"

नानाचा सगळा बाजा वहिनींनी वांग्यांबरोबर भाजून टाकला, म्हणे! एकच हशा झाला. कुणी म्हणालं, वहिनींपुढे नानाचं काय चालतंय! मी हातातल्या भाकरीकडे पाहत राहिलो.  आता ती सांगणार. मशीनचं सांगणार, टेपचं सांगणार.

सुमनने वर पाहिलं. माझ्याकडे पाहिलं — फार वेळ नाही. मग ती हसली. "हो ना भाऊ," म्हणाली. "माझंच डोकं उठायचं. म्हटलं, काढा ती बला घरातून." आणि पुढचं वांगं सोलायला घेतलं.

परतीच्या गाडीत मी वाट पाहत होतो, ती काही विचारेल म्हणून. ती माझ्या उजव्या हाताला बसली होती. खिडकी दुसऱ्या बाजूला होती. तिला खिडकी लागायची, नाही तर मळमळायचं. मी म्हटलं, तिकडे बस की. तर म्हणाली, "राहू दे. त्या कानाशी बोलून उपयोग काय?" आणि पदर तोंडाला लावून डोळे मिटून घेतले.

म्हणजे तिला ठाऊक होतं. केव्हापासून, मी विचारलं नाही. माझा उजवा कान डाव्यापेक्षा बरा होता, हे मी डॉक्टरलासुद्धा सांगितलं नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, बायकोने झाकून घेतलं, प्रश्न मिटला. तुम्ही असं म्हणू नये म्हणून तर पुढचं सांगतो. तिने झाकलं, आणि मी ते पुन्हा पुन्हा वापरलं. दर थंडीत तीच चेष्टा, दर वेळी तिचं तेच हसणं. हळूहळू ती सगळ्या गोतावळ्यात 'नानाचा बाजा बंद करणारी' झाली. नव्या सुनांना तिची ओळख तशी करून द्यायचे.

आमचा मुलगा सतीश त्या स्पीकरसमोर सतरंजीवर लोळून लहानाचा मोठा झाला. तो पुण्याला नोकरीला होता. एकदा सुट्टीत आला असताना टू-इन-वनमध्ये कॅसेट अडकली, फीत बाहेर आली, आणि तो भडकला. ती फीत हातात धरून आईला म्हणाला, "आई, नानांना आयुष्यात एकच सुख होतं. तेवढंही तुला बघवलं नाही?"

ती पोळ्या लाटत होती. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. मी खुर्चीत पेपर वाचत होतो. मला सगळं नीट ऐकू आलं होतं. मी पान उलटलं.

त्यानंतर सतीश तिच्याशी वाईट वागला असं नाही. पत्रं यायची, पैसे यायचे. फक्त पत्रं माझ्या नावाने असायची, आणि तिच्यासाठी शेवटी एक ओळ. ती ओळ ती माझ्याकडून वाचून घ्यायची. तिला वाचता येत होतं.

सुमन गेली ती दोन दिवसांच्या तापाने. बोलायला सवड होती. मी तिच्या उशाशी बसलो होतो आणि तिला मोसंबीचा रस घे, रस घे, एवढंच म्हणत होतो.

तेराव्याचं सगळं आटोपलं. पाहुणे गेले. सतीश आणि मी बाहेरच्या खोलीत बसलो होतो. त्याचे डोळे सुजले होते. तो खोलीभर नजर फिरवत होता. मग माझ्याजवळ सरकला, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि फार मायेने म्हणाला, "नाना, आता एक मोठी सिस्टिम घेऊ तुमच्यासाठी. आता कुणाची अडचण नाही."

मी म्हणालो, "बघू."