त्याच्या पिस्तुलासाठी माझी साक्ष

“हिचा आंगठा घ्या.”

मालक हवालदाराला म्हणाले. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

मी म्हणाले, “मला सही येते. बारावी झालीय माझी.”

सोप्यात बसलेले सगळे हसले. मालक, त्यांचे दोन दोस्त, हवालदार. सगळे खुर्च्यांवर. मी खाली अंगणात, चपलांच्या ढिगाजवळ उभी. एक खुर्ची रिकामी होती. तिच्यावर हवालदाराचं हेल्मेट ठेवलं होतं.

“बारावी!” मालक म्हणाले. “मग लैच शानी हाईस की. वर यिऊ नगंस. तितंच कर सही.”

हवालदारानं कागद पायरीवर टाकला. सही करायची तर मला त्यांच्या पायांशी वाकावं लागणार होतं.

मालक म्हणजे आमच्या गावच्या मोठ्या बागायतदाराचा धाकटा मुलगा. माझ्याच वयाचा. तरी आमच्या वस्तीत सगळे त्याला मालक म्हणतात. मीही म्हणायचे. आता म्हणत नाही.

त्याला पिस्तुलाचा परवाना पाहिजे होता. परवाना मिळतो कोल्हापूरला, कलेक्टर ऑफिसातून. पण त्याआधी पोलिसांनी चौकशी करायची असते. माणसावर गुन्हा आहे का, त्याची वागणूक कशी आहे, शेजारीपाजारी काय म्हणतात. आमची बौद्ध वस्ती त्याच्या उसाला लागून. म्हणून आम्ही शेजारी. त्याच्या घरच्या लग्नात आम्ही शेजारी नव्हतो. पाण्याच्या नळावर नव्हतो. पिस्तुलाच्या वेळी झालो.

“वस्तीतली एक सही असली म्हंजे वर कोन काय इचारत न्हाय,” हवालदार म्हणाला. “कर बाई पटकन. मला अजून शिरोळला जायाचं हाय.”

परवाना मागणाऱ्या त्या माणसाच्या हातात बंदूक कशी दिसते ते मी बघितलं होतं.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. आमच्या वस्तीतून डांबरी रस्त्याला जायची पायवाट त्याच्या शेताच्या बांधावरून जाते. माझ्या सासूच्या लग्नाआधीपासून आहे ती वाट. त्यानं तिथं आडवी चर मारली आणि बाभळीच्या फांद्या टाकल्या. माझा नवरा शिरोलीच्या फौंड्रीत कामाला. तो आणि वस्तीतले दोघं-तिघं ग्रामपंचायतीत जाऊन बोलले. बस, एवढंच. कुणी आवाजसुद्धा चढवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लेकीला शाळेच्या एसटीला सोडायला निघाले. फांद्या बाजूला केल्या, चर ओलांडली. तो मोटरीच्या खोलीपाशी बसला होता. मांडीवर चुलत्याची बारा बोअरची दुनळी बंदूक. रानडुकरं उसात घुसतात म्हणून चुलत्याला परवाना आहे. चुलता अंथरुणाला खिळलेला. बंदूक ह्याच्याच हातात असते. सगळ्या गावाला माहीत.

तो उठला. नळी माझ्या छातीकडं केली.

“वाट कुनाच्या बाची?”

त्या नळीची दोन भोकं मला एवढी मोठी दिसली, की मागचा ऊस दिसेना, आभाळ दिसेना.

“म्हन, मालकाची.”

“मालकाची,” मी म्हणाले.

“हात जोडून म्हन.”

मी हात जोडले. माझा हात सुटला तशी लेक माझ्या साडीला चिकटली.

“आता माघारी जा. पाठ फिरवायची न्हाय. उलट्या पावलानं.”

आम्ही उलट्या पावलानं गेलो. मी चरीत पडले. तो हसला. लेक रडली नाही. घरी आल्यावर बघितलं तर तिची चड्डी, शाळेचा फ्रॉक, सगळं ओलं. त्या दिवसापासून ती त्या वाटेनं येत नाही. मोटारसायकलचा फटका वाजला तरी कानावर हात ठेवते.

मी पोलीस ठाण्यात गेले होते. बाकावर बसून राहिले. उन्हं कलली तेव्हा हाच हवालदार बाहेर आला.

“बार काढला का त्यानं?”

“न्हाय साहेब. पन नळी रोखली. लेकीवर, माझ्यावर.”

“लागलं का कुटं? न्हाय न्हवं? मग गुन्हा कसला? गावात ऱ्हायाचं हाय तुमास्नी. समजुतीनं घ्या.”

काही लिहून घेतलं नाही. मी घरी आले.

आणि आता तोच हवालदार पायरीवरच्या कागदाकडं बोट करत होता.

मी सही करणार होते. हे खरं सांगते. सकाळीच नवरा म्हणाला होता, “करून टाक. आपल्याला हितंच ऱ्हायाचं हाय.” सासू, आत्ती म्हणते मी तिला, ती म्हणाली होती, “नको म्हनू नगंस गं. माझा पोरगा सांजचा त्याच वाटेनं येतोय.” मलाही तेच वाटत होतं. पेन हातात घेतला होता. पण भीतीनं डोळ्यांपुढची अक्षरं हलत होती. काही कळेना. म्हणून म्हणाले, “साहेब, काय लिवलंय ते वाचून दावा.”

“तू बारावी न्हवं?” पुन्हा हसले.

हवालदारानं कागद उचलला आणि घाईघाईनं वाचला. सदर इसम मनमिळाऊ व शांत स्वभावाचे आहेत. त्यांच्याविरुद्ध कोणताही गुन्हा नोंद नाही. गावात त्यांचे सर्वांशी सलोख्याचे संबंध आहेत. मग आवाज बारीक केला. वस्तीतील काही उपद्रवी इसमांकडून त्यांच्या जीवितास धोका असल्याचे मला माहीत आहे, सबब परवाना देण्यास माझी हरकत नाही.

“शेवटचं परत वाचा,” मी म्हणाले.

“काय न्हाय, तसंच लिवावं लागतंय. जिवाला धोका दावल्याबिगार पिस्तूल मिळत न्हाय.”

“उपद्रवी म्हंजे कोन?”

हवालदारानं नजर कागदावरून उचलली नाही. तो मात्र पहिल्यांदा माझ्याकडं बघत होता. सरळ. अगदी त्या सकाळसारखा.

तेव्हा मला समजलं. वस्तीतले उपद्रवी म्हणजे ग्रामपंचायतीत गेलेली माणसं. म्हणजे माझा नवरा. हात मी जोडले, आणि धोका नळी रोखणाऱ्याच्या जिवाला. त्याच्यावर गुन्हा नोंद नाही, कारण माझं कुणी लिहून घेतलं नाही. उद्या गोळी सुटली तर हेच बाहेर काढतील. म्हणतील, वस्तीतलीच बाई सांगते की ह्यांना धोका होता.

आवाज चिरका निघाला. पण निघाला.

“मी सही करनार न्हाय.”

“काय?”

“हे खोटं हाय. मी करनार न्हाय.”

तो खुर्चीवरून उठला. एक पायरी उतरला. “माहीत हाय न्हवं कुनाच्या दारात उबी हाईस?”

“माहीत हाय,” मी म्हणाले. पेन कागदावर ठेवला. पाठ फिरवली आणि चालू लागले. आता काहीतरी पाठीत घुसणार असं फाटकापर्यंत वाटत होतं. घरी पोचले आणि ओकले.

नवरा चिडला. मी कागदातलं शेवटचं वाक्य सांगितलं, तसा उठून दाराशी गेला. कडी लावून-काढून बघत बसला, घट्ट लागते का ते.

हवालदाराला माझ्या जागी दुसरा कुणीतरी मिळणारच होता. नुसतं नाही म्हणून भागणार नव्हतं. मी कोल्हापूरला जायचं ठरवलं. नवरा आला नाही. त्याचं तोंड बघून मी आग्रह केला नाही. आत्ती आली. जी सगळ्यात जास्त घाबरायची ती. एसटीत माझा हात तिनं एकदाही सोडला नाही.

कलेक्टर ऑफिसातल्या कारकुनानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, “हरकत लेखी द्यावी लागंल, ताई. निनावी चालत न्हाय. नाव, पत्ता, सगळं. तो मानूस वाचनार हे. कळलं न्हवं?”

“कळलं.”

तिथंच लिहिलं. बंदूक, लेक, उलटी पावलं, पोलीस ठाण्यातला बाक. आत्ती बाजूला उभी राहून म्हणत होती, “हात जोडाय लावलं ते लिवलंस का? ते लिव आदी.”

काही आठवड्यांनी पोलिसांतले वरचे साहेब चौकशीला आले. मी म्हणाले, त्याच्या अंगणात येणार नाही. आमच्या विहारात बसले. तोच हवालदार त्यांच्या मागं उभा.

“त्या वेळी तक्रार का दिली नाही?” साहेबांनी विचारलं.

“आलते साहेब. लिवून घेतली न्हाय.”

“कुणी?”

दारात वस्तीतली माणसं उभी होती, त्यांचाही श्वास मला ऐकू येत होता. मी बोट केलं. हवालदारानं मान खाली घातली. साहेबांनी लिहून घेतलं. वाचून दाखवलं. मग मी सही केली.

त्यानंतर वस्तीतल्या आणखी दोन बायांनी जबाब दिले. पुरुष एकही नाही.

परवाना दिलेला नाही. नाकारलेलाही नाही. चौकशी चालू आहे म्हणतात. तो गावात सांगत फिरतो, पिस्तूल आज ना उद्या येतंय, तवर चुलत्याची हाय की. संध्याकाळी उसात बार वाजतो. डुकरावर असेल. आम्ही दिवा मालवून भिंतीला पाठ लावून बसतो, लेकीला मध्ये घेऊन. मला भीती वाटते. रोज वाटते. गेली असं सांगितलं तर ते खोटं होईल.

पण चुलत्याच्या नावावरची बंदूक कुणाच्या खांद्यावर असते, ते आता मी लेखी देणार आहे. सोमवारी कोल्हापूरला चालले आहे. नाव घालून. पत्ता घालून. परवाना मिळाला तर त्याच्यावरही हरकत घेणार. समोर बसवून विचारलं तर समोर सांगणार. मला गप्प करायचं असेल तर त्याला बंदूक चालवावीच लागेल, आणि ती कुणी चालवली हे कलेक्टर ऑफिसात आधीच लिहिलेलं असेल.