बाबांनी मोकळे ठेवलेले रकाने

ऑफिसात माझं एक वाक्य सगळ्यांना पाठ आहे: रकाना रिकामा दिसता कामा नये. रोह्याच्या एका कंपनीत मी बारा वर्षं आकड्यांच्या शीट भरतेय, आणि रिकामं घर दिसलं की माझं डोकं फिरतं. आकडा नाही? शून्य टाका आणि पुढे चला. या सवयीने मी बाबांचं वर्षभराचं काम जवळजवळ पाण्यात घातलं होतं.

मी राहते रोह्याजवळच, वरसे गावात. बाबा पेणच्या खाडीकाठी, आमच्या गावातच. त्यांचं पाऊण एकर भात बांधाला लागून आहे. खाडीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेला हा मातीचा बांध आता बसका झालाय. अमावास्या-पुनवेच्या उधाणाला खारं पाणी त्याच्यावरून आत सांडतं, आणि एकदा सांडलं की पुढची दोन-तीन वर्षं त्या जमिनीत भात धड येत नाही. गावाने बांध उंच करून मागितला तेव्हा कचेरीतून निरोप आला, की वर्षभर भरतीची रोजची नोंद ठेवा, आलेख काढून आणा, मग बघू.

नोंद ठेवणार कोण? बाबा म्हणाले, "मी हाय ना." त्यांनी बांधाच्या खाडीकडच्या अंगाला, बांधाइतकाच उंच खांब रोवला. चार-चार बोटांवर पांढऱ्या रंगाचे वीस पट्टे मारले. रोज दिवसाची भरती पुरी भरली की बांधावरून चालत जायचं, पाणी कितव्या पट्ट्याला लागलंय ते बघायचं आणि वहीत लिहायचं. पाणी खांबापर्यंत पोचलंच नाही, तर शून्य. गुडघे कुरकुरत होते तरी वर्षभर गेले बिचारे. वही तर अशी नेटकी, की मला माझ्या शाळेच्या वह्यांची लाज वाटावी.

वही माझ्याकडे आली. मी आकडे भरायला बसले तर मधेमधे रकाने कोरे! मला हसूच आलं. म्हटलं, बाबांनी मस्त दांड्या मारल्यात. गुडघा दुखला असेल, कंटाळा आला असेल. फोन करून विचारायचं, तर तेही केलं नाही. शहाणी ना मी! सगळ्या कोऱ्या घरांत शून्य ठोकलं, आलेख काढला, रंगीत छापून घेतला आणि बाबांना घेऊन कचेरीत गेले.

साहेब माणूस सभ्य होता. त्याने बराच वेळ कागद न्याहाळला. मग टेबलावरचं पंचांग चाळून, तारखांवर बोट ठेवून म्हणाला, "हे काय हो? पाणी चढत चढत एकोणीस पट्ट्यांवर येतं, आणि ऐन अमावास्येला शून्य? पुनवेलाही तेच. उधाणाला खाडी रिकामी होते का? अशा आकड्यांवर मी बांध कसा मंजूर करू?"

शीटमध्ये नुसत्या तारखा होत्या, तिथी बघायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बाबांकडे पाहिलं तर ते टोपी सारखी करत होते. साहेबाने फाईल परत दिली आणि पुन्हा नीट नोंद आणा म्हणाला.

एसटी स्टँडवर बाकावर बसलो. मी चिडलेलीच होते, ओरडलेच, "बाबा, जायचं नव्हतं तर तसं सांगायचं ना! नेमक्या त्याच दिवशी कशा दांड्या मारल्यात?"

बाबांनी वही उघडली. कोऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. "बाय, हितं मी शून्य कवा लिवला?"

"मग काहीच का नाही लिहिलंत?"

"गेलो व्हतो गो. पन बांधावरून पानी व्हात व्हता. अर्ध्यातनं मागं फिरलो. खांबाचा डोका पन दिसत नव्हता. जो डोल्यानी नाय बघितला, तो आकडा लिवायचा कसा?"

जे पाणी सगळ्यात जास्त होतं, तेच मी शून्य करून ठेवलं होतं.

"अहो, मग साहेबासमोर का नाही बोललात?"

"तू येवढी शिकलेली. साहेबासमोर तुजी चूक काढू व्हय?"

पाऊण एकर भात पणाला लागलेलं, आणि हा माणूस माझी लाज राखत बसला होता! मला इतकं रडू आलं, की शेजारची बाई पिशवी आवरून सरकून बसली.

त्याच रविवारी मी लॅपटॉप घेऊन गावाला गेले. वहीतला एकेक रकाना बाबांनी वाचायचा आणि मी तपासायचा. त्यांनी लिहिलेली शून्यं तशीच ठेवली, मी घातलेली सगळी पुसली. आता रिकाम्या घरांचं काय करायचं, हे शीट विचारते. शून्य धरू, दोन्हीकडची टोकं रेघेने जोडू, की जागा मोकळी सोडू? मी जोडून दाखवलं. छान सलग रेघ आली, पण एकोणीसवरून सरळ एकोणीसवर. बाबांनी मान हलवली. "म्हंजे त्या दिवशी एकोनीस व्हता असा झाला. नाय, नाय. मोकला सोड."

मोकळं सोडलं. उधाणाच्या प्रत्येक दिवशी रेघ वर चढून तुटायची आणि पलीकडून पुन्हा सुरू व्हायची.

साहेबाने दुसऱ्यांदा कागद पाहिला आणि विचारलं, "रेघ तुटलीय ती कशाने?"

या वेळी मी बाबांकडे बघून म्हटलं, "यांनाच विचारा. आधीची चूक माझी होती."

बाबा उभे राहिले. "साहेब, रेघ तुटली तितं मी मागं फिरलोय. तुमी पुनवेला या. मी नेतो."

साहेब खरंच आला. भर दुपारी, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून. बांधावर अर्ध्यात थांबला, कारण पुढे बांध दिसतच नव्हता. बाबांनी त्याच्यासमोर वही उघडली, त्या दिवसाची तारीख घातली आणि रकाना कोरा ठेवून वही मिटली. साहेब परत येऊन चहा घेताना म्हणाला, फाईल पुढे पाठवतो.

बांध उंच झाला. बाबांनी खांबही वाढवला आणि वर आणखी पट्टे मारले. वर्ष संपलं तरी त्यांनी नोंद सोडली नव्हती. बांधानंतरच्या पहिल्या अमावास्येला दुपारी मी ऑफिसात असताना त्यांचा फोन आला. वारा नुसता घोंगावत होता, पण आवाज ओळखू येत होता. बांधावरूनच बोलत होते.

"बाय, शीट उघड. आज आकडा हाय. बावीस!"

"आणि शेत?"

"कोरडा हाय गो."