संजनाच्या नावानं वाचलेला धडा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही — आणि जिला सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय, तेही नीटसं कळत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी शिक्षिका आहे. गुहागर तालुक्यातल्या सरकारी शाळांमध्ये बावीस वर्षं शिकवतेय. हल्ली नव्या शिक्षकांच्या प्रशिक्षणात मला बोलायला बोलावतात — मूल कशानं शिकतं, यावर. मी सांगते, मुलाला वर्गात भीती वाटता कामा नये. त्याच्या घरची बोली वर्गात चालली पाहिजे. आणि त्याला काय येत नाही, हे बाईंना खरंखरं ठाऊक पाहिजे. शिकवायला सुरुवात तिथून होते. सगळे वहीत उतरवून घेतात. मी खोटं काहीच सांगत नाही. पण हे तुम्हाला कुठे कळलं, असं अजून कुणी विचारलेलं नाही.

सोळा-सतरा वर्षांपूर्वी मी एका वाडीवरच्या शाळेत होते. दोन खोल्या, दोन शिक्षक. तिसरी-चौथी माझ्याकडे. चौथीत अकरा मुलं, त्यांत संजना. वडील मुंबईला हॉटेलात कामाला, आई लोकांच्या बागेत कलमांना पाणी घालायला जायची. पोरगी शांत. कविता सगळ्या तोंडपाठ, तोंडी हिशेब माझ्या आधी. पण पुस्तक उघडलं, की काहीच नाही. ओळीवरून बोट फिरवायची आणि शेजारणीच्या तोंडाकडे बघत राहायची.

मी काय केलं? सुरुवातीला बरंच केलं. पाटीवर गिरवून घेतलं, मधल्या सुट्टीत बसवलं. मग कंटाळले. हो, हाच शब्द खरा आहे. हिच्या डोक्यात अक्षर शिरत नाही, असं मनाशी ठरवून टाकलं आणि तिला शेवटच्या रांगेत बसवलं. पुस्तक ती अगदी नाकाशी धरायची. मला ते रोज दिसायचं. मला वाटायचं, त्यामागे तोंड लपवतेय.

त्या वर्षी तालुक्याहून विस्तार अधिकारी मॅडम येणार होत्या. चौथीच्या प्रत्येक मुलाला वाचायला लावणार, आणि वाचता न येणाऱ्या मुलाचं नाव वेगळ्या यादीत घालणार. आजूबाजूच्या शाळांतली सगळी मुलं वाचणारी निघाली होती. मग माझाच वर्ग मागे? या विचारानं मला चार दिवस अन्न गोड लागलं नाही. आमचे मुख्याध्यापक साधे गृहस्थ. ते म्हणाले होते, "नसेल येत तर नसेल येत, बाई. सांगू तसं." म्हणजे मला कुणी भाग पाडलं, असंही नाही.

तिसरीत मनाली नावाची मुलगी होती. धडाधड वाचायची. त्या सकाळी मी तिला बाजूला घेतलं आणि सांगितलं, "आज तू चौथीत बसायचंस. संजना म्हणून हाक मारली, की तू उठायचंस."

आठ वर्षांची पोर. "आणि संजना कुठं बसणार, बाई?" एवढंच तिनं विचारलं.

संजनाला मी खिचडी शिजवणाऱ्या मावशींकडे पाठवलं, तांदूळ पाखडायला. "आज तू मावशींना मदत कर हां" — किती गोड बोलले मी! ती उड्या मारत गेली.

स्वयंपाकाची खोली वर्गाला लागूनच. मधली भिंत छपरापर्यंत न गेलेली. मला हे माहीत नव्हतं का? रोज फोडणीचा वास यायचा की वर्गात. लक्षात आलं नाही — की मी येऊ दिलं नाही?

मॅडमनी हजेरीवरून नावं घेतली. "संजना." मनाली उठली. स्वल्पविरामाला थांबत तिनं अख्खा धडा वाचला, एकही चूक नाही. मॅडम खूश होऊन म्हणाल्या, "शाब्बास, संजना!" भिंतीपलीकडे सुपाचा आवाज चालला होता, तो थांबला.

निघताना मॅडमनी मला व्हरांड्यात विचारलं, "एकही मूल मागे नाही ना, बाई? यादीतल्या मुलांचे डोळे, कान तपासायला डॉक्टर येणार आहेत. कुणी असेल तर आत्ता सांगा. मी रागावणार नाही."

म्हणजे यादी त्यासाठी होती. आणि वेळ अजून गेली नव्हती. मी म्हणाले, "नाही मॅडम. कुणी नाही."

दुपारी संजना ताट घेऊन माझ्यापाशी आली. हसत होती. "बाई, मी बरा वाचला ना?"

टोमणा नव्हता तो. तिच्या नावाला शाब्बासकी मिळाली होती, तिला खरंच आनंद झाला होता. मी म्हणाले, "हो. छान वाचलंस."

वर्षअखेरीला तिच्या प्रगतिपुस्तकात मी वाचनापुढे 'उत्तम' लिहिलं. मग माझी बदली झाली. मनालीचं पुढे काय झालं, ते मला माहीत नाही. तिलाही मी त्या दिवशी काहीतरी शिकवलंच.

गेल्या वर्षी, आता मी आहे त्या शाळेत, एक बाई मुलीचं नाव घालायला आली. जाड भिंगांचा चष्मा. "बाई, वळखलात?" नवरा दाभोळला मच्छीच्या बोटीवर असतो, म्हणाली. मग आपलं आपणच सांगत सुटली. आठवीत एका सरांनी तिचे डोळे तपासून घेतले. "तवर मला वाटायचा, अक्षरा सगळ्यांनाच अशी पुसलेली दिसतात," ती हसून म्हणाली. "चष्मा लागला नि फळा दिसला. पण पोरा लय पुढे गेलेली. मोठी घोडी मी, बाराखडी गिरवत बसायची. लाज वाटायची. सोडली शाळा."

आठवीत. चौथी ते आठवी — चार वर्षं.

ऑफिसात आमच्या दोन तरुण शिक्षिका बसल्या होत्या. त्यांच्याकडे वळून संजना म्हणाली, "ह्या बाईंनी माझी लाज राखली हो. मोठ्या मॅडम आलेल्या, तर मला त्यांच्यासमोर उभी नाय केली. खिचडीच्या खोलीत ठेवली. आई अजून नाव काढता यांचा."

दोघी माझ्याकडे कौतुकानं बघायला लागल्या. तेव्हा बोलता आलं असतं. लाज तुझी नाही गं, मी माझी राखली — एवढंच तर म्हणायचं होतं. किती शब्द होते ते?

मी म्हणाले, "अगं, त्यात काय."

मुलगी माझ्याच वर्गात आहे. पहिल्याच आठवड्यात मी तिचे डोळे तपासून घेतले. काही दोष नाही. ते ऐकून संजना मुद्दाम शाळेत आली, वाकून माझ्या पाया पडली. मी पाय मागे घेतले नाहीत.