वाटूरची सासू

जालन्याच्या मस्तगडात बदरुन्निसा मनियारीण बांगड्यांची टोपली घेऊन शिरली, की बायका चुलीवरचं कालवण अर्धकच्चं उतरवून ठेवत. निजामाच्या राज्यातले ते दिवस. पुरुषांना तमाशाचे फड होते, तंबूतले बोलपट होते. बायकांना बदरूबी होती.

हात चोळून मऊ करायचा, बोटं गोळा करून बांगडी वर सरकवायची, आणि बाईला कळ कळू नये म्हणून गोष्ट सांगायची, ही तिची रीत. गोष्ट एकच. गल्लीतल्या द्वारकाबाईंची उषा परकर नेसत होती तेव्हा सुरू झालेली, आता उषा लग्नाला आली तरी संपली नव्हती. त्यात मथुरा नावाची गरीब सून होती, परागंदा झालेला दीर होता, आणि ताकात पाणी नव्हे तर पाण्यात ताक घालणारी सासू होती. दुसरा हात भरून झाला की बदरूबी टोपलीवर फडकं टाकायची. मग मथुरा विहिरीच्या काठावर उभी असो नाहीतर धान्याच्या बळदात कोंडलेली असो.

"मंग पुढं?"

"पुढचं अल्ला जाने. बांगडी वाढवली की बोलवा."

बांगडी फुटली असं म्हणायचं नसतं, वाढवली म्हणायचं. मस्तगडात बांगड्या फार वाढवल्या जात. सोनूबाईंनी दळताना वाढवल्या, सारवताना वाढवल्या, एकदा तर नुसत्या बसल्या बसल्या.

सासूचं गाव वाटूर. गल्लीतली सासू केली असती तर कुणाच्या तरी अंगाला लागली असती, म्हणून बदरूबीनं तिला लांब ठेवलं होतं. आणि उषाला नेमकं वाटूरचंच स्थळ आलं.

"पोरगी घरात ठेवीन, पन वाटूरला देनार न्हाई," द्वारकाबाईंनी सांगून टाकलं.

"अगं, जमीन हाय, बारमाही विहीर हाय, पोरगा शिकलेला हाय," त्यांचे यजमान रामराव म्हणाले.

"आन् सासू?"

"सासू समद्यांनाच असती."

"वाटूरची नसती."

हे बदरूबीच्या कानावर आलं. उषाच्या एवढ्याशा मनगटात पहिली बांगडी तिनंच चढवली होती. शिवाय मुलाची आई पुष्पाबाई तिला ठाऊक होती. वाटूरच्या बाजाराला गेलं की सावलीत बसवून आधी पाणी देणारी बाई. आपल्या तोंडामुळं पोरीचं सोन्यासारखं स्थळ हातचं चाललं, या विचारानं तिला जेवण गोड लागेना. शेवटी तिनं सगळ्या बायकांसमोर टोपली खाली ठेवली.

"द्वारकाबाई, ती सासू झूट हाय. मीच बनवली. मथुरा बी न्हाई, बळद बी न्हाई."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मग सोनूबाईंनी हळूच विचारलं, "कोनी दम दिला तुला, बदरूबी?"

"कोनी न्हाई. अल्ला कसम."

"बघा," सोनूबाई बाकीच्यांकडे वळल्या, "किती लांब हात हाय त्या वाटूरच्या बाईचा."

झालं. द्वारकाबाईंचा नकार पक्का झाला.

पण रामरावांचा शब्द गेला होता, त्यामुळं पाहुणे यायचे ते आलेच. घरी आलेल्या पाहुणीचे हात भरायची रीत, म्हणून बदरूबीला बोलावणं गेलं. आतल्या खोलीत उषा मान खाली घालून बसली होती. पुष्पाबाई चहा न पिता घर न्याहाळत होत्या.

"तुमची सून दिसना कुठं?" त्यांनी विचारलं.

"माहेरी गेली," द्वारकाबाई म्हणाल्या.

"खरंच गेली? का बळदात हाय?"

"बळदात कशाला असंल?"

"न्हाई, मस्तगडातल्या सासवांचं ऐकून हाय आमी. त्या मथुराचे काय हाल केले तुमच्या गल्लीनं."

"मथुरा?" द्वारकाबाई उठून उभ्या राहिल्या. "मथुरा तर तुमच्या वाटूरची."

दोघींनी एकदमच बदरूबीकडे पाहिलं. पुष्पाबाईंचा हात तिच्या हातात होता, बांगडी पंजाच्या हाडावर अडकलेली. पुढं सरकेना, मागं येईना. सोडून पळायचीही सोय नव्हती. आता दोन्ही गावं तुटली, म्हातारपणी टोपली न्यायची कुठं, असं तिच्या मनात आलं.

"म्हंजी आमच्यात ती मस्तगडची, आन् इथं वाटूरची?" पुष्पाबाईंनी विचारलं.

"व्हय," बदरूबी बांगडीला म्हणाली.

मग पुष्पाबाई पुटपुटल्या, "आमच्यात आजून बळदातच हाय ती."

द्वारकाबाईंनी ओठ घट्ट मिटून पाहिले. राहवेना. "इथं निघाली."

"कशी?"

"दीर आल्ता. जोगी होऊन."

"तो तर मेल्ता."

"आमाला बी तसंच वाटलं." द्वारकाबाईंनी आपला पाट विहीणबाईच्या पाटाजवळ ओढला.

बाहेरून रामरावांनी दोनदा खाकरून पाहिलं. आतून कुणीच दाद दिली नाही. चहावर साय धरली.

"पोरगी पसंत हाय," अखेर पुष्पाबाई म्हणाल्या. "तिला हितली समदी गोष्ट पाठ हाय न्हवं?"

"शब्दन् शब्द," द्वारकाबाई म्हणाल्या. मग त्यांचा चेहरा जरा गंभीर झाला. "पन आता मस्तगड बी आपलं, वाटूर बी आपलं. त्या बाईला कुठं ठिवायचं?"

दोघी विचारात पडल्या.

"तीर्थपुरीला आपलं कोन हाय?" पुष्पाबाईंनी विचारलं.

"कोनी न्हाई."

"मंग तिथं नेऊन ठेव तिला, बदरूबी."

बदरूबीची थोरली लेक मैमूना तीर्थपुरीलाच दिलेली होती. पण तिनं होकाराची मान हलवली, पुष्पाबाईंचा पंजा दाबला, आणि बांगडी सुळकन मनगटात उतरवली.