बंद गाडीची थरथर

आधीच सांगून टाकतो, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. आमच्या आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच घरातले अंगारे-धुपारे, उतारे, नजर काढणं सगळं उंबऱ्याबाहेर गेलं. या सदरातले अमानवीय अनुभव मी वाचतो ते टाइमपास म्हणून, आणि बरेचदा वैशालीला, म्हणजे माझ्या बायकोला, मोठ्याने वाचून दाखवून हसतो. आता मीच लिहायला बसलोय म्हणजे हसायची पाळी तुमची. हसा खुशाल... फक्त शेवटपर्यंत वाचा, कारण शेवटी मला तुमच्याकडून एक गोष्ट हवी आहे.

मी नागपूरला नारी रोडला राहतो. धंदा अंड्यांचा. कुहीच्या बाजूला एक पोल्ट्री फार्म आहे, तिथून सकाळी ट्रे उचलायचे आणि शहरातल्या दुकानांना पोचवायचे. जुनी गाडी पार थकली म्हणून मागच्या दिवाळीनंतर नवी कोरी पिकअप घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच कटकट नको. शोरूमवाल्याने चाकाखाली लिंबू ठेवायला घेतलं तर आमच्या बाबांनी त्याचा हात धरला. "मशीनले लिंबू नाही लागत गा, ग्रीस लागते," म्हणाले.

बाबा खापरखेड्याच्या पॉवर स्टेशनमध्ये टर्बाइनवर होते. तिथल्या जुन्या लोकांची एक पद्धत होती – मशीन नीट चालते की नाही हे बघायला तिच्या अंगावर रुपयाचं नाणं कडेवर उभं करायचं. उभं राहिलं तर मशीन पास. पडलं तर कुठेतरी गडबड आहे. ते जुनं जाड नाणं बाबांच्या शर्टाच्या खिशात अजूनही असतं. शोरूमच्या अंगणात गाडी स्टार्ट केली तेव्हा त्यांनी ते काढलं आणि माझ्या हातात दिलं. "तूच ठेव गा. माह्या हातानं नाही राह्यत आता." बाबांना कंपवात आहे. उजवा हात सतत हलत असतो, जेवताना तर जास्तच. मी नाणं डॅशबोर्डवर ठेवलं, ते उभं राहिलं, आणि बाबांनी मान हलवली. गाडी पास!

खरी गंमत हायवेवर आल्यावर कळली. साठच्या आसपास काटा गेला की खालून थरथर सुरू व्हायची. आधी स्टिअरिंग, मग सीट, मग दात. पन्नासच्या खाली आणली की गप्प. अंड्यांचा धंदा आणि ही असली गाडी... पोचेपर्यंत खालच्या ट्रेमधून बलक गळायला लागलेला असायचा. दुकानदार ट्रे परत करू लागले. उमरेड रोडवर पन्नासच्या खाली रांगत गेलो तर माल उशिरा पोचायचा, तोवर दुसऱ्याचा माल लागलेला.

सर्व्हिस सेंटरला किती खेपा घातल्या, मोजल्या नाहीत. पहिल्यांदा म्हणाले, "सर, रिकामी पिकअप हलतेच, लोड टाका." लोड टाकून नेली तर म्हणाले, "लोडमुळे हलते सर." टायर बॅलन्स केले, चाकं आलटून पालटून लावली, तरी तेच. तिथला अ‍ॅडव्हायझर एकदम गोड बोलणारा. प्रत्येक वेळी चहा पाजायचा आणि म्हणायचा, "नवी गाडी आहे ना सर, सेट होईल." मला तर त्या चहाचीच चीड यायला लागली होती.

शेवटी बाबाच म्हणाले, "मले बसव एक दिवस. मी पाह्यतो काय बिमारी आहे तिची." कुही फाट्याकडे जाताना मी काटा पासष्टवर नेला. बाबांनी डॅशबोर्डवर तळवा ठेवला, डोळे मिटले आणि निदान केलं, "प्रॉपेलर शाफ्ट. शंभर टक्के." (नंतर शाफ्ट तपासला, त्यात काही नव्हतं. बाबांनी हे आजतागायत मान्य केलेलं नाही.) पण मी त्यांच्या निदानाकडे लक्षच देत नव्हतो. मी त्यांच्या हाताकडे बघत होतो. आख्खी गाडी थडथडत होती, आणि त्या सगळ्यात त्यांचा उजवा हात एकदम शांत होता.

"बाबा... हात."

त्यांनी डोळे उघडले. हात उचलून समोर धरला, बोटं पसरली, मिटली. मग म्हणाले, "काटा खाली नको आणू."

त्या दिवशी बाबांनी माझ्या डब्यातली पोळी-भाजी धावत्या गाडीत स्वतःच्या हाताने खाल्ली. वरण सुद्धा, चमच्याने, एक थेंब न सांडता. घरी वैशाली त्यांना भरवते, आणि ते भिंतीकडे बघत खातात. मला रडूच आलं, पण गाडी चालवत होतो.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, होतं असं कधी कधी, हादरे बसले की काही पेशंटना तेवढ्यापुरता आराम पडतो. म्हणजे इथपर्यंत अमानवीय वगैरे काही नाही हे मलाही मान्य आहे. हे इथपर्यंत नुसतं नशीब होतं, आणि आम्ही त्यात अडकलो एवढंच.

अडकलो म्हणजे खरंच अडकलो. बाबा रोज येऊ लागले. पाय सुजायचे, तरी उतरायचे नाहीत. दुकानांपाशी गाडी थांबली की हात पुन्हा सुरू, म्हणून म्हणायचे, "एक चक्कर मार ना गा रिंग रोडची." आणि नेमकं त्याच वेळी सर्व्हिस सेंटरवाल्याचा फोन आला – वरून मंजुरी आली आहे, मागच्या अ‍ॅक्सलचा सगळा सेट बदलून देतो, गाडी घेऊन या. इतके महिने ज्या फोनची वाट बघितली, तो आला, तर मी सांगितलं, पुढच्या आठवड्यात आणतो. पुढच्या आठवड्यातही तेच सांगितलं. इकडे ट्रे परत येतच होते. गाडी सुधरवली तर बाबांचा हात जाणार, नाही सुधरवली तर धंदा जाणार. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ते हेच.

एकदा रात्री जेवताना वैशालीच्या तोंडून बाबांसमोर निघून गेलं, "मामाजी, ते दुरुस्त करून द्याले तयार आहेत, हेच नेऊन नाही राहिले."

बाबा माझ्यावर असे भडकले की विचारू नका. "काहून नाही नेली? सारी नोकरी मी मशीनची थरथर बंद करण्यात घालवली, अन् तू माह्यासाठी बिघडलेली मशीन चालवून राहिला? शरम नाही वाटत मले? परवा नेऊन टाक."

"अन् तुमचा हात?"

"माहा हात का कमावते? गाडी कमावते," ते म्हणाले, आणि ताट सरकवून उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे दुरुस्तीच्या आदल्या दिवशी, ते कापडी पिशवी घेऊन गाडीत बसले. पिशवीत साबण, ब्रश, पाण्याची बाटली, छोटा आरसा आणि त्यांचं ते जुनं ब्लेडवालं स्टीलचं रेझर. बाबांची दाढी हात बिघडल्यापासून मीच करतो. त्याआधी आयुष्यभर एकही दिवस त्यांनी कुणाला गालाला हात लावू दिला नव्हता. मी नाही म्हटलं, भांडलो, शेवटी गाडी बंद करून बसून राहिलो. ते म्हणाले, "उद्यापासून तूच करजो ना. आजची मले करू दे." मी किल्ली फिरवली.

उमरेड रोडवरचं पाचगाव मागे पडलं, रस्ता मोकळा झाला. ऊन नुकतंच वर आलं होतं. काटा पासष्टवर, गाडी आपली थडथडायला लागलेली, मागे रिकामे ट्रे खडखडताहेत. बाबांनी आरसा दोरीने समोर अडकवला, फेस लावला आणि गालापासून सुरुवात केली. सावकाश, सरळ, एकही ओरखडा नाही. ते गुणगुणत होते. मी काट्यावरून नजर हलवत नव्हतो. मग त्यांनी हनुवटी वर केली आणि रेझर गळ्यावर ठेवलं.

वळण घेतलं आणि समोर रस्ताभर मेंढ्या.

उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्याकडे उंट आणि मेंढ्या घेऊन हिंडणारे लोक येतात, त्यांचा कळप. इकडून तिकडे सगळा रस्ता भरलेला. मी ब्रेकवर हळूहळू पाय देत गेलो. साठ... पंचावन्न... पन्नासला थरथर थांबते हे मला पाठ होतं.

"बाबा, रेझर खाली घ्या!"

"बोलू नको. गळ्यावर आहे."

चाळीस. तीस. मी इतका घाबरलो होतो की क्लच दाबायचं विसरलो. गाडीने एक आचका दिला आणि इंजिन बंद पडलं. चारी बाजूंनी मेंढ्या. मी बाबांकडे बघायची हिंमत गोळा केली.

हात शांत होता. रेझर हनुवटीखालून सरळ वर सरकत होतं.

आणि मग माझ्या पायाखालून ती थरथर आली. सांगतो तसंच घडलं, माझ्या मनाचं एक अक्षर घालत नाही. किल्ली फिरवलेली, पण इंजिन बंद, गाडी उभी. तरी स्टिअरिंग माझ्या हातात कापायला लागलं. सीट, दार, काचा, मागचे ट्रे, सगळं. साठच्या वेळी व्हायचं त्याच्या दुपटीने. मी किल्ली काढून मांडीवर ठेवली. थरथर थांबली नाही. दार उघडून पळावं असं वाटलं, पण बाबांच्या गळ्यावर ब्लेड असताना मी जरा हललो तरी... म्हणून मी ब्रेक दाबून जागच्या जागी बसून राहिलो. आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो. बाहेरच्या मेंढ्या गाडीपासून मागे सरकल्या, आणि गाडीभोवती रस्ता रिकामा झाला.

पागोटेवाला म्हातारा मेंढपाळ पुढे आला. "गाड़ी तो बंद है ना?" त्याने विचारलं.

"बंद है," मी म्हटलं.

त्याने बॉनेटवर हात ठेवला आणि झटक्याने काढून घेतला. मग मेंढ्या हाकायला लागला.

बाबांना यातलं काही जाणवत होतं की नाही, देव जाणे... म्हणजे, कुणास ठाऊक. त्यांनी गळा पूर्ण केला, टॉवेलने तोंड पुसलं, गालावरून हात फिरवला. मग खिशातून नाणं काढलं आणि त्या हलणाऱ्या डॅशबोर्डवर, स्वतःच्या उजव्या हाताने, कडेवर उभं केलं.

ते उभं राहिलं.

आरसा दोरीवर नाचत होता, माझे दात वाजत होते, आणि नाणं उभं होतं. "पाह्य," बाबा म्हणाले, "राह्यला ना रुपया उभा?" इतकं खूश मी त्यांना रिटायर झाल्यापासून पाहिलं नव्हतं.

शेवटची मेंढी रस्ता ओलांडून गेली. नाणं आडवं पडलं. गाडी एकदम गप्प झाली. बाबा नाणं उचलायला गेले तर बोटांत येईना. हात पुन्हा कापायला लागला होता.

पुढे कुहीपर्यंत मी काटा साठवर नेला, सत्तरवर नेला, खराब रस्त्यावरून मुद्दाम नेली. गाडी लोण्यासारखी चालली. दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरच्या लोकांनी आळीपाळीने चालवून पाहिली, काही सापडलं नाही. मग काहीच न बदलता तक्रार बंद केली. तो अ‍ॅडव्हायझर चहाचा कप पुढे करत म्हणाला, "म्हटलं होतं ना सर, सेट होईल!"

मी माझ्या परीने शोध घेतला. उमरेडकडे कोळसा खाणी आहेत, ब्लास्टिंगचा हादरा असेल असं आधी वाटलं. पण ते एका धक्क्यात संपतं, आणि रस्त्याकडेच्या झाडाचं पान हललं नव्हतं, मेंढपाळाच्या पायाखाली काही हललं नव्हतं. एका मित्राने भूकंप म्हटलं, एकाने मला भास झाला म्हटलं. मग मेंढपाळाने हात का काढला? एका दुकानदाराने सांगितलं, लिंबू ठेवलं असतं तर असं झालं नसतं. आणि हलत्या डॅशबोर्डवर नाणं उभं कसं राहिलं, हे कुणीच सांगत नाही. बाबांना विचारलं तर ते एकच वाक्य बोलतात, "तिनं माह्या हाताचं कापणं घेतलं गा थोडा वेळ."

धंदा आता बरा आहे. एकही ट्रे परत येत नाही. बाबा अजून रोज सोबत येतात. पाचगाव मागे पडलं की खिशाकडे खूण करतात, मी एका हाताने नाणं काढून डॅशबोर्डवर उभं करतो. ते उभं राहतं, अगदी सत्तरलासुद्धा. बाबा त्याच्याकडे बघतात, "पास," म्हणतात, आणि उजवा हात डाव्या हाताखाली दाबून खिडकीबाहेर बघत बसतात. पिशवी आजही सीटखाली असते. साबण कोरडा पडलाय.

माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर ते मला नको. नवीन गाडीची थरथर बंद कशी करायची हेही विचारत नाही. ती परत कशी आणायची, एवढं कुणाला माहीत असेल तर कृपा करून कळवा.